वासाने जंतू मरतात काय?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने जंतुनाशकांवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा नाही. भूगोलाच्या नकाशांची खोली हीच आमची प्रयोगशाळा. परंतु हा विषय केवळ रसायनशास्त्राचा आहे असे मला वाटत नाही. तो इतिहासाचा आहे, अंकगणिताचा आहे, आणि रोज सकाळी बादली भरणाऱ्या हातांचाही आहे. तेव्हा विज्ञान शाखेच्या मित्रांनी थोडा वेळ हा अतिक्रमणाचा गुन्हा माफ करावा.

कोणत्याही रुग्णालयाच्या दारातून आत शिरले की प्रथम जाणवतो तो वास. फिनेल, डेटॉल, स्पिरिट आणि औषधे यांचा तो एकत्रित वास आपल्या मनात स्वच्छतेशी इतका घट्ट बांधला गेला आहे की, वास आला म्हणजे जागा निर्जंतुक झाली असे आपण धरूनच चालतो. वास नाही आला तर कुरकुर करतो. मात्र याच दरवळणाऱ्या खोल्यांत पाय मोडून आलेल्या माणसाला न्यूमोनिया होतो, प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रीची जखम चिघळते आणि नवजात बालकाच्या रक्तात जंतू शिरतात. येताना जो आजार नव्हता तो रुग्णालयात लागला, तर त्यास रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. साधारणपणे दाखल झाल्यापासून ४८ तासांनंतर दिसू लागलेला संसर्ग या सदरात धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे तातडीचे उपचार करणाऱ्या रुग्णालयांत दर १०० रुग्णांमागे श्रीमंत देशांत सुमारे ७ आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे १५ जणांना असा निदान एक तरी संसर्ग होतो. आपण दुसऱ्या गटात मोडतो.

हे जंतू येतात कोठून? बहुतेक वेळा हातांवरून, उपकरणांवरून आणि खाटेच्या दांड्यासारख्या अगदी साध्या वस्तूंवरून. कोरड्या जागेवर जंतू लगेच मरतात ही आपली समजूत चुकीची आहे. या विषयावरील अभ्यासांचा एकत्र आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कोरड्या पृष्ठभागावर ७ दिवसांपासून ७ महिन्यांपर्यंत आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत जगू शकतो. म्हणजे दिवाळीला आलेल्या रुग्णाचा जंतू होळीच्या रुग्णाची वाट पाहत खाटेवर बसलेला असू शकतो. येथे जंतुनाशकाचे काम सुरू होते. आणि ते काम वासावरून ओळखता येत नाही, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

गंमत अशी की, जंतुनाशकांचा इतिहास वासापासूनच सुरू झाला.

व्हिएन्ना शहराच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात १८४० च्या सुमारास प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. दोन्ही विभाग एकाच आवारात, अन्न एक, हवा एक. तरी १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात दर १०० प्रसूतांपैकी जवळजवळ १० स्त्रिया सूतिकाज्वराने मरत, तर दुसऱ्यात हे प्रमाण ४ च्या आत होते. गावातील गोरगरीब बायकांना हे ठाऊक झाले होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करीत. आकडे डॉक्टरांच्या वहीत होते, पण त्यांचा अर्थ बायकांना आधी कळला होता.

इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर या कोड्याने झपाटला. मार्च १८४७ मध्ये त्याचा सहकारी कोलेच्का हा शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याच्या सुरीने बोटाला जखम होऊन मरण पावला, आणि त्याच्या शरीरात नेमक्या त्याच खुणा आढळल्या ज्या मृत बाळंतिणींच्या शरीरात आढळत. विद्यार्थी सकाळी प्रेते फाडून तसेच प्रसूतिकक्षात येत. साबणाने हात धुतले तरी हाताला प्रेताचा वास राहत असे. वास राहतो म्हणजे प्रेताचे काहीतरी कण हातावर राहतात, असे सेमेलवाइसने अनुमान काढले आणि वास घालवणारे द्रव्य शोधले. ते होते क्लोरीनयुक्त चुना, म्हणजे आपल्या विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर. १८४७ च्या मे महिन्याच्या मध्यापासून त्याने प्रत्येकाला त्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये मृत्यूंचे प्रमाण १८.३ टक्के होते. जूनमध्ये ते २.२ आणि जुलैमध्ये १.२ टक्क्यांवर आले.

जंतू ही कल्पनाच तेव्हा मान्य नव्हती. सेमेलवाइसने वास मारावयास घेतलेले द्रव्य योगायोगाने जंतूही मारणारे निघाले. परंतु वासाचा नियम फार काळ पुरला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गर्भाशयाचा कर्करोग झालेली एक स्त्री त्या कक्षात दाखल झाली. डॉक्टर आधी तिला तपासत आणि तसेच पुढच्या खाटांकडे जात. त्या वेळी प्रसूत झालेल्या १२ स्त्रियांपैकी ११ दगावल्या. हात प्रेताला लागलेच नव्हते. तेव्हापासून त्याने नियम बदलला: कक्षात शिरताना एकदा नव्हे, तर प्रत्येक रुग्णानंतर हात धुवायचे. आज भिंतीवर ‘प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी व नंतर’ असे जे फलक दिसतात, त्यांचे मूळ येथे आहे.

सेमेलवाइसचे म्हणणे त्याच्या हयातीत मानले गेले नाही. १३ ऑगस्ट १८६५ रोजी तो मनोरुग्णालयात मरण पावला, तोही जखम चिघळून. त्याच्या आदल्याच दिवशी ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने गाडीचे चाक पायावरून गेलेल्या जेम्स ग्रीनलीस या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. हाड कातडी फाडून बाहेर आले की पाय कापायचा, असा तो काळ होता. मुलाचा पाय वाचला. आणि लिस्टरला कार्बोलिक कसे सुचले? कार्लाइल गावात सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी ते वापरतात, असे त्याने ऐकले होते. पुन्हा वासच. फरक इतकाच की, लिस्टरने पाश्चरचे लेखन वाचले होते. आपण वास मारत नसून जंतू मारत आहोत हे त्याला ठाऊक होते. आपले काळे फिनेल याच कार्बोलिकच्या कुळातले, डांबरापासून निघणारे. म्हणून रुग्णालयाचा जो वास आपण ओळखतो, तो एका अर्थाने लिस्टरच्या काळापासून चालत आलेला आहे.

यापुढचा इतिहास मात्र नाकाचा नाही, मोजमापाचा आहे. १८८१ साली रॉबर्ट कॉखने रेशमाच्या धाग्यांवर काळपुळीच्या जंतूंचे बीजाणू वाळवून ते निरनिराळ्या द्रव्यांत बुडवले आणि कोण मरते, कोण उरते ते पाहिले. तेलात किंवा मद्यार्कात मिसळलेले कार्बोलिक त्या बीजाणूंचे काहीही वाकडे करू शकले नाही. वास तोच, द्रव्य तेच, पण परिणाम शून्य.

यानंतरचे नाव आमच्या पाठ्यपुस्तकात यावे असे मला वाटते. हॅरिएट चिक या इंग्लंडमधील शास्त्रज्ञ बाईंनी १९०८ साली दाखवून दिले की, जंतू एकदम मरत नाहीत. ते हिशेबाने मरतात. जंतुनाशकाची तीव्रता कायम ठेवली, तर प्रत्येक मिनिटाला उरलेल्यांपैकी ठरावीक हिस्सा मरतो. समजा, एका जागेवर १० लाख जंतू आहेत आणि द्रावण दर मिनिटाला १० पैकी ९ मारते. पहिल्या मिनिटानंतर १ लाख उरले, दुसऱ्यानंतर १० हजार, तिसऱ्यानंतर १ हजार. सहाव्या मिनिटाअखेर एक उरतो. आता जाहिरातीतले ते प्रसिद्ध ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ हे वाक्य आठवा. १० लाखांतून ९९.९ टक्के गेले म्हणजे १ हजार राहिले. आपल्या उदाहरणात ही केवळ तिसऱ्या मिनिटाची स्थिती झाली. ओलावा आणि अन्न मिळाले तर कित्येक जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. १ हजाराचे पुन्हा १० लाख व्हायला दहा वेळा दुप्पट होणे पुरते, म्हणजे साडेतीन तासांच्या आत हिशेब मूळपदावर. कोरड्या फरशीवर असे घडणार नाही हे खरे. पण ओल्या फडक्यात, मोरीत आणि बादलीच्या तळाशी घडू शकते.

म्हणून जंतुनाशकाच्या डब्यावर ‘संपर्ककाल १० मिनिटे’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ पृष्ठभाग १० मिनिटे ओला राहिला पाहिजे. पुसले आणि पंख्याखाली दोन मिनिटांत वाळले, तर पुढच्या आठ मिनिटांचे मरण टळले. जंतूच्या बाजूने पाहिले तर ही केवढी सवलत!

आता त्या बाटलीवरच्या आकड्याकडे वळू. काळ्या फिनेलच्या बाटलीवर ‘आर. डब्ल्यू. सी.’ अशी अक्षरे आणि त्यापुढे एक अंक असतो. ही रायडील आणि वॉकर या दोघांच्या नावांची आद्याक्षरे. शेवटचा ‘सी’ म्हणजे गुणांक. १९०३ साली त्यांनी ही परीक्षा सुचवली. जंतूंना साडेसात मिनिटांत मारते पण पाच मिनिटांत मारू शकत नाही, असे फिनेलचे पातळ द्रावण शोधायचे; तसेच शुद्ध कार्बोलिकचे शोधायचे; आणि दोन्हींची तुलना करायची. कार्बोलिक शंभर पट पातळ करून जे काम करते ते फिनेल हजार पट पातळ करून करीत असेल, तर गुणांक १०. पद्धत मोठी सुबक आहे, पण ज्यावर हा आकडा काढतात तो जंतू विषमज्वराचा, आणि ज्या पाण्यात काढतात ते स्वच्छ. रुग्णालयातल्या खाटेला विषमज्वराचा जंतू क्वचित चिकटलेला असतो आणि तेथले पाणी स्वच्छ कधीच नसते. पांढऱ्या फिनेलचा आधार बहुधा पाइनचे तेल असते. त्याचा वास प्रसन्न, पाण्यात पडताच ते दुधासारखे पांढरे होते, पण स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंवर ते दुबळे ठरते. पाणी पांढरे होणे हा तेलकट द्रव्ये पाण्यात विरघळत नसल्याचा परिणाम आहे, ताकदीचा पुरावा नव्हे. डेटॉलच्या पाण्याचेही तसेच.

हे सारे मी का शोधत बसले, ते सांगणे आवश्यक आहे. माझी आई नऊ वर्षांपासून तालुक्याच्या गावी एका रुग्णालयात ठेकेदाराकडून साफसफाईचे काम करते. सिस्टर व डॉक्टर तिला ‘मावशी’ म्हणतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे शिकलेली मी पहिलीच; तेव्हा घरात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद, मग तो विजेच्या बिलाचा असो की औषधाचा, माझ्याकडे येतो. तसाच एके दिवशी पाच लिटरच्या कॅनवरचा फाटलेला कागद आला. आईने तो घडी घालून कनवटीला लावून आणला होता. “यात किती पाणी घालायचं ते लिहिलंय का बघ,” ती म्हणाली. त्यावर लिहिलेले होते: सोडियम हायपोक्लोराइट, ५ टक्के. वॉर्डात त्याला ‘हायपो’ म्हणतात. आजवर किती पाणी घालत होतीस, असे मी विचारले. ती म्हणाली, “दोन झाकणं बादलीला. वास दरवळला पाहिजे. वास आला नाही तर सिस्टर म्हणतात, मावशी, फरशी पुसलीच नाही तुम्ही.”

यात आईचा दोष काय? तिला मोजण्याचे भांडे दिलेले नव्हते, मोजमाप सांगितलेले नव्हते आणि कागद तिला वाचता येणाऱ्या भाषेत नव्हता. तिच्यापाशी मोजण्याचे एकच साधन होते, ते म्हणजे नाक. आणि तिच्या कामाची परीक्षाही दुसऱ्याच्या नाकानेच होत होती.

दोन झाकणांचा हिशेब मी घरी करून पाहिला. झाकणात साधारण २० मिलिलिटर मावते असे धरू. बादली १० लिटरची. ५ टक्क्यांचे ४० मिलिलिटर १० लिटर पाण्यात, म्हणजे तीव्रता ०.०२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली साध्या पृष्ठभागासाठी ०.१ टक्का आणि रक्त वगैरे मोठ्या प्रमाणावर सांडले असल्यास ०.५ टक्के सांगितले. आपल्याकडील शासकीय सूचनांत त्या काळात १ टक्क्याचे द्रावण सांगितले गेले. म्हणजे दोन झाकणे ही सौम्यातल्या सौम्य शिफारशीच्या एक पंचमांश झाली. वास मात्र येत होता! क्लोरीनचा वास माणसाच्या नाकाला फार थोड्या प्रमाणातही कळतो. जंतूला तेवढ्याने मरण येत नाही.

हायपोची आणखी एक खोड अशी की, ते कॅनमध्ये बसल्या बसल्या म्हातारे होते. ऊन आणि उष्णता यांनी त्यातला क्लोरीन कमी होत जातो. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात ठेवलेला ५ टक्क्यांचा कॅन जूनमध्ये ५ टक्क्यांचा राहत नाही. पातळ केलेले द्रावण तर रोजच्या रोज नवे करावे लागते. उलट, अधिक घट्ट म्हणजे अधिक चांगले असेही नाही. स्पिरिटचे उदाहरण प्रसिद्ध आहे: ७० टक्क्यांच्या आसपासचा मद्यार्क ९५ टक्क्यांपेक्षा जंतूंना चांगला मारतो, कारण जंतूच्या अंगातील प्रथिने बिघडवायला पाणीही लागते. आणि हायपो अधिक ओतल्याने फरशी खराब होते, धातू गंजतो, पुसणाऱ्या बाईचे हात सोलतात, छाती भरून येते. शौचालयाच्या आम्लात हायपो मिसळला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ही गोष्ट तरी प्रत्येक वॉर्डात मराठीत लिहून लावली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

तीव्रता आणि वेळ जमले तरी घाणीचा प्रश्न उरतोच. चिक बाई आणि मार्टिन यांनी १९०८ सालीच जंतुनाशकाची परीक्षा मुद्दाम विष्ठा मिसळून घेतली होती, कारण खऱ्या जगात जंतू एकटा भेटत नाही. रक्त, पू, थुंकी यांच्या पांघरुणात भेटतो. क्लोरीनला जंतू आणि रक्त यांत भेद करता येत नाही. रक्त दिसले की तो त्यावरच खर्च होतो. म्हणून आधी घाण काढणे, मग जंतुनाशक, हा क्रम आहे. एकाच बादलीत फडके बुडवून सहा खोल्या पुसल्या, तर चौथ्या खोलीपासून आपण जंतुनाशक लावत नसून पहिल्या तीन खोल्या पुढे नेत असतो. २०१५ साली सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ योजनेत सरकारी रुग्णालयांसाठी तीन बादल्यांची पद्धत सांगितली आहे, ती याचसाठी.

सॅव्हलॉनसारख्या द्रव्यांचे आणखी वेगळे. त्यातील घटकांवर धन विद्युतभार असतो, साबणावर ऋण. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना निकामी करतात. साबणाच्या पाण्यात सॅव्हलॉन घातले की ‘दुप्पट स्वच्छता’ होते असे वाटते, आणि प्रत्यक्षात दोन्ही वाया जातात. याच कुळातील काही द्रव्ये सुती फडक्यातही अडकून बसतात. बादलीत औषध असते, फरशीवर पोचत नाही.

आता शत्रूकडे पाहू. सगळे जंतू सारखे चिवट नसतात. त्यांची जणू एक उतरंड आहे. तळाला कोरोनासारखे मेदाचे आवरण असलेले विषाणू. साबणानेही ते फुटतात. त्यावर स्टॅफिलोकोकससारखे जंतू. त्यावर दुहेरी आवरणाचे स्यूडोमोनास, क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर. त्यावर मेणकट कवचाचा क्षयाचा जंतू. आणि जवळजवळ शिखरावर बीजाणू: धनुर्वाताचे, किंवा प्रतिजैविकांनंतर जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे. हातावर चोळायचा मद्यार्क एरवी उत्तम, पण बीजाणूंना तो मारू शकत नाही. तेथे साबण-पाण्याने हात धुऊन बीजाणू वाहवून द्यावे लागतात. शस्त्रक्रियेच्या उपकरणांना तर कोणत्याही बादलीचा उपयोग नाही. त्यांना दाबाखालील १२१ अंशांची वाफ हवी, तीही निदान १५ मिनिटे. नुसते उकळणे पुरत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू जंतुनाशकांनाही दाद देत नसतील, असे पुष्कळांना वाटते. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने जी धोकादायक जंतूंची यादी काढली, तिच्या सर्वांत गंभीर गटात कार्बापेनेम या प्रभावी प्रतिजैविकाला न जुमानणारा अ‍ॅसिनेटोबॅक्टर आहे. परंतु योग्य तीव्रतेच्या हायपोत तो मरतो. प्रतिजैविक जंतूच्या एखाद्या नेमक्या अवयवावर घाव घालते. जंतूने तो अवयव बदलला की घाव चुकतो. जंतुनाशक मात्र भिंत, प्रथिने, सारे एकदमच उद्ध्वस्त करते. एवढ्या आघाड्यांवर एकाच वेळी बचाव करणे अवघड. म्हणजे ज्या जंतूवर डॉक्टरांकडचे हजारो रुपयांचे इंजेक्शन चालत नाही, त्यावर मावशीच्या बादलीतले काही रुपयांचे पाणी चालते. अट एकच, ते पाणी नीट केलेले असावे.

नीट केलेले नसेल तर काय होते, याची उदाहरणे आहेत. पातळ, जुन्या द्रावणात काही जंतू नुसते तग धरतात असे नाही, तर नांदतात. स्यूडोमोनासच्या कुळातले जंतू या कामी कुप्रसिद्ध आहेत. १९८० साली अमेरिकेत काही रुग्णांच्या रक्तात असेच जंतू सापडू लागले. शोध घेता रुग्ण निरोगी निघाले आणि जंतू निघाले रक्त घेण्यापूर्वी कातडी पुसण्याच्या आयोडिनच्या द्रावणातून. २००६-०७ मध्ये ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर रुग्णांच्या जखमा भरेनात. त्या मागचा क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ उपकरणे ज्यात बुडवत त्या २ टक्के ग्लुटराल्डिहाइडलाही पुरून उरणारा आढळला. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार.

जाता जाता फवारणीविषयी. लिस्टरने शस्त्रक्रियेच्या खोलीत कार्बोलिकचे तुषार उडवण्याचे यंत्र आणले होते. १८९० साली त्याने स्वतःच ते चुकीचे असल्याचे जाहीरपणे मान्य केले, कारण जंतू हवेपेक्षा हातांवर आणि हत्यारांवर अधिक असतात. मुंबईत १८९६-९७ च्या प्लेगात गटारांतून कार्बोलिक वाहवले गेले, घरे धुतली गेली. आणि १८९८ साली पॉल-लुई सिमाँने दाखवले की प्लेग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात. तरी मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशात बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारले गेले. पुढच्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला माणसांवर फवारणी करू नये अशी सूचना काढावी लागली. दिसणाऱ्या धुराचा आणि येणाऱ्या वासाचा मोह असा जबरदस्त असतो.

आईच्या कॅनसाठी मी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून दिले. १ टक्क्यासाठी: १ मग औषध, ४ मग पाणी. रोजची फरशी, ०.१ टक्का: १ मग औषध, ४९ मग पाणी. आधी घाण पुसायची, मग औषध. १० मिनिटे ओले राहू द्यायचे. सकाळचे द्रावण दुसऱ्या दिवशी वापरायचे नाही. शौचालयाच्या आम्लाजवळ न्यायचे नाही. खाली अंकांऐवजी मगांची चित्रे काढली, कारण तिच्या दोन मैत्रिणींना अंकही नीट वाचता येत नाहीत. वॉर्डच्या सिस्टरनी तो कागद वाचून, तपासून, औषधाच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आणि एक प्लॅस्टिकचे मापही मागवून घेतले. गेल्या महिन्यात ठेकेदाराने कॅन बदलला. कॅनचा रंग तोच, वास तोच. पण आईने या वेळी आपणहून कागद फाडून आणला: त्यावर १० टक्के लिहिले होते. कपाटावरच्या कागदाखाली आता दुसरा कागद लागला आहे. १ टक्क्यासाठी: १ मग औषध, ९ मग पाणी.